कुत्र्यांमधील कंड आणि अधिहर्षता : निदानाचा क्रम व दीर्घकालीन व्यवस्थापन

गोषवारा

पाळीव कुत्र्यांच्या आरोग्यविषयक तक्रारींमध्ये त्वचेला सुटणारी कंड ही वारंवार आढळणारी तक्रार होय. कंड हे लक्षण आहे, रोग नव्हे. तथापि प्रत्यक्षात उपचार बहुधा लक्षणावरच केले जातात व मूळ कारण तसेच राहते. प्रस्तुत लेखात कंडेची यंत्रणा, परजीवी, जंतुसंसर्ग, आहार व वातावरण या कारणांचा एकामागून एक शोध घेण्याची पद्धत आणि आयुष्यभर टिकणाऱ्या अधिहर्षतेचे व्यवस्थापन यांचे विवेचन केले आहे. निदानाचा क्रम मोडला की उपचारच अपायकारक ठरू शकतो, हे दाखविणे हा लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : कंड, लूत, पिसू, अधिहर्षता (ॲलर्जी), अटोपिक त्वचाशोथ, वर्ज्य-आहार चाचणी, स्टेरॉइड.

१. प्रस्तावना

मराठीत ‘लूत’ हा एक शब्द कुत्र्याच्या त्वचेच्या जवळजवळ सर्व विकारांना पुरतो. केस झडलेले, कातडी जाड व काळवंडलेली, सतत खाजवणारे कुत्रे दिसले की ‘लूत भरली आहे’ असे म्हटले जाते आणि ते घराबाहेर, वस्तीबाहेर हाकलले जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली परस्परांहून सर्वस्वी भिन्न असे किमान पाच-सहा विकार दडलेले असतात. त्यांपैकी काही माणसाला संसर्ग करतात, काही मुळीच करीत नाहीत. काही दोन-तीन महिन्यांत पूर्ण बरे होतात, तर काही आयुष्यभर सांभाळावे लागतात. एका विकारावर जे औषध गुणकारी, तेच दुसऱ्या विकारात रोग वाढविते. शब्द एकच असल्यामुळे उपायही एकच असावा, असा समज रूढ झाला असावा.

घरात पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत भाषा बदलते. गोंधळ मात्र तोच राहतो. शहरातील सदनिकेत वाढलेल्या दोन वर्षांच्या एखाद्या लॅब्राडॉर कुत्र्याचा प्रवास साधारणतः असा असतो. प्रथम तो पुढचे पंजे चाटू लागतो. घरच्यांना ती सवय वाटते. नंतर कान दुखू लागतात. कानात घालण्याचे थेंब मिळतात व आठवडाभर बरे वाटते. पावसाळ्यात पोटाची कातडी लाल होते आणि रात्रभर खाजवण्याचा आवाज येत राहतो. एक इंजेक्शन दिले जाते व दुसऱ्याच दिवशी खाज थांबते. महिन्याभराने ती परत येते, पुन्हा इंजेक्शन दिले जाते. वर्षाअखेरीस कुत्रा लठ्ठ झालेला असतो, घटाघटा पाणी पितो, घरात लघवी करतो, आणि खाज पूर्वीपेक्षा अधिक असते. या संपूर्ण काळात ‘खाज कशामुळे सुटते?’ हा प्रश्न एकदाही पद्धतशीरपणे विचारला गेलेला नसतो. रात्रीची झोप मोडलेल्या कुटुंबाचा संयम संपतो, आणि अशी कुत्री दुसऱ्याला देऊन टाकण्याचे किंवा रस्त्यावर सोडण्याचे प्रसंग येतात.

२. कंडेची यंत्रणा

खाजविण्याची इच्छा निर्माण करणारी अप्रिय संवेदना म्हणजे कंड, ही व्याख्या जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केली आणि ती आजही वापरात आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘खाजविणे’ या क्रियेचा अर्थ व्यापक घ्यावा लागतो. पंजे चाटणे, कुरतडणे, तोंड सोफ्यावर घासणे, पाठीवर लोळणे, डोके झटकणे, बूड जमिनीवर घासत पुढे सरकणे ही सर्व कंडेचीच रूपे असू शकतात. (शेवटच्या कृतीचे कारण गुदग्रंथी भरलेल्या असणे हेही असू शकते.) फिक्या रंगाच्या कुत्र्याच्या पंजांवरील केस तांबूस दिसू लागले, तर तो चाटण्याचा पुरावा समजावा, लाळेतील रंगद्रव्यामुळे केसांना तो डाग पडतो. ‘माझे कुत्रे खाजवत नाही, फक्त पाय चाटते’ हे विधान म्हणूनच फारसे दिलासादायक नाही.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केली. निरुपद्रवी पदार्थाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने शत्रू समजून दिलेला अतिरेकी प्रतिसाद, असा तिचा आज प्रचलित असलेला स्थूल अर्थ. माणसात हा प्रतिसाद अनेकदा शिंका, वाहते नाक व दमा या रूपाने दिसतो. कुत्र्यात तो मुख्यतः त्वचेवर उमटतो. त्यामागे त्वचेच्या रचनेचाही भाग आहे. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या तुलनेने बरीच पातळ असून ती केसांच्या आवरणाच्या भरवशावर असते. ॲलर्जीप्रवण कुत्र्यांत पेशींमधील स्निग्ध पदार्थांचा थर सदोष असतो. भिंतीच्या विटा जागेवर, पण मधला गिलावा निघालेला, अशी ती अवस्था होय. त्या फटींतून धुळीतील व परागकणांतील प्रथिने आत शिरतात.

माणसाच्या पित्त उठण्यात हिस्टामिन या रसायनाचा वाटा मोठा असतो. म्हणून सेटिरिझिनसारख्या गोळीने त्याला आराम पडतो. अटोपिक कुत्र्याच्या कंडेत हिस्टामिनचे महत्त्व त्या मानाने कमी आहे. इंटरल्युकिन-३१ या प्रथिनाचा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुत्र्याच्या मज्जातंतूंना कंडेचा संदेश देणाऱ्या प्रमुख दूतांपैकी ते एक असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. घरातील माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्या कुत्र्याला देऊनही फारसा फरक पडत नाही, याचे उत्तर येथे मिळते. सर्दीच्या ज्या संयुक्त गोळ्यांत नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन असते, त्या तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त कल्पना म्हणजे कंडेची मर्यादारेषा. एखाद्या हौदात तीन-चार नळांचे पाणी पडत असावे व तो काठोकाठ भरल्यावर वाहू लागावा, तसे हे आहे. धुळीची ॲलर्जी हा एक नळ, पिसवांचे चावे हा दुसरा, कातडीवर वाढलेले यीस्ट हा तिसरा, आहारातील एखादे प्रथिन हा चौथा. प्रत्येक नळाची धार बारीक असली तरी एकत्रितपणे हौद भरून वाहतो आणि कुत्रे खाजवू लागते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सगळे नळ बंद करणे शक्य नसले, तरी दोन बंद झाले की पाणी काठाखाली राहते. आणि जो नळ सहज बंद करता येतो, तो आधी बंद करावा.

३. निदानाचा क्रम

३.१ परजीवी

शोधाची सुरुवात परजीवींपासून करावी, याविषयी पशुत्वचारोगतज्ज्ञांत एकमत आहे. कारण साधे आहे : हा नळ सर्वांत स्वस्तात व खात्रीने बंद होतो.

पिसवांची ॲलर्जी ही प्रत्यक्षात पिसवेच्या लाळेची ॲलर्जी होय. भारतात कुत्र्यांवर टेनोसेफॅलायडिस या प्रजातीच्या फेलिस व ओरिएन्टिस या दोन्ही जाती आढळतात. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरेसे असतात. शिवाय असे कुत्रे स्वतःला इतके चाटते व कुरतडते, की अंगावर पिसू सापडतच नाही. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असे पालक प्रामाणिकपणे सांगतात, ते यामुळेच. यावर सोपी कसोटी आहे. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाजवळचे केस विंचरावेत आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती साधी धूळ नसून पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. कंडेची जागाही बोलकी असते. कमरेचा मागील भाग, शेपटीचे मूळ व मांड्यांची मागील बाजू येथे केस विरळ झाले असतील, तर प्रथम संशय पिसवांवर घ्यावा.

कुत्र्यावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा हा एकूण संख्येचा सुमारे ५ टक्केच भाग मानला जातो. उरलेली अंडी, अळ्या व कोष सतरंजीत, दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत असतात. कोषातील पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, वाट पाहत राहू शकते. म्हणून एकदा औषध घालून काम भागत नाही. घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजराला सलग काही महिने औषध देणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि फटी झाडणे हे सर्व एकत्र करावे लागते. येथे एक इशारा आवश्यक आहे : कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराला विषारी असते.

खरूज हा दुसरा परजीवी विकार. सार्कोप्टिस स्केबिआय हा सूक्ष्म कीटकसदृश जीव (प्राणिशास्त्रीय वर्गीकरणात तो कोळ्यांचा नातेवाईक आहे) त्वचेच्या वरच्या थरात बीळ करतो. कानाची कड, कोपरे, घोटे व पोट येथे खपल्या धरतात आणि कंड असह्य असते. कानाची कड बोटांत धरून चोळली असता कुत्रे मागचा पाय खाजविण्यासारखा हलवू लागले, तर खरजेचा संशय बळावतो. खरजेच्या बहुसंख्य कुत्र्यांत हा प्रतिसाद दिसतो. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता जीव सापडला तर निदान पक्के. परंतु न सापडल्यास खरूज नाही असे म्हणता येत नाही, कारण जीवांची संख्या फार थोडी असू शकते. अशा वेळी संशयावरूनच उपचार करून परिणाम पाहणे शास्त्रसंमत आहे.

डेमोडेक्स या जिवाची गोष्ट निराळी आहे. तो निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशीही अल्प संख्येने राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून पिलाकडे येतो. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याची संख्या बेसुमार वाढते. केस झडतात, पण जंतुसंसर्ग झाल्याखेरीज खाज फारशी नसते. तो खोलवर खरवडलेल्या नमुन्यात बहुधा सहज दिसतो. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. आणि ही दोन मिनिटांची तपासणी टाळून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर प्रतिकारशक्ती आणखी दबते व डेमोडेक्स सर्वांगावर पसरतो. उपचाराने रोग वाढण्याचे याहून स्पष्ट उदाहरण पशुवैद्यकात क्वचितच मिळेल.

परजीवींवरील उपचारांत गेल्या दशकात मूलगामी बदल झाला. आयसोक्साझोलिन गटातील औषधे (अफोक्सोलॅनर २०१३ मध्ये, फ्लुरॅलॅनर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यताप्राप्त) तोंडावाटे देता येतात आणि पिसवा, गोचीड, खरूज व डेमोडेक्स या सर्वांवर परिणामकारक आढळली आहेत. त्यापूर्वीची ॲमिट्राझची उग्र स्नाने व आयव्हरमेक्टिनची इंजेक्शने यांची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. आयव्हरमेक्टिन आजही स्वस्त म्हणून सर्रास वापरले जाते; परंतु कॉली व तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरते व प्राणघातक ठरू शकते. आयसोक्साझोलिनही सर्वस्वी निर्धोक नाहीत. काही कुत्र्यांत कंप व झटके आल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. फेफऱ्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याबाबत ही माहिती पशुवैद्यकाला आधी देणे आवश्यक आहे.

३.२ जंतू, यीस्ट आणि बुरशी

परजीवी दूर केल्यावर त्वचेवरील सूक्ष्मजीवांकडे वळावे. स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस हा जिवाणू व मॅलेसेझिया पॅकिडर्माटिस हे यीस्ट कुत्र्याच्या त्वचेचे नित्याचे रहिवासी आहेत. ॲलर्जीने त्वचा सुजली, ओलसर झाली की ते माजतात आणि स्वतः नवी कंड निर्माण करतात. पुटकुळ्या व गोल खपल्या जिवाणूकडे बोट दाखवितात. तेलकट त्वचा, आंबूस कुबट वास व हत्तीच्या कातडीसारखा जाड काळेपणा यीस्टकडे. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंग देऊन पाहिली की शेंगदाण्याच्या आकाराच्या यीस्टपेशी स्पष्ट दिसतात.

येथे प्रतिजैविकांविषयी थोडे थांबणे भाग आहे. वारंवार व अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकांमुळे मेथिसिलिनला न जुमानणारे स्यूडिंटरमीडियस जिवाणू जगभर आढळू लागले आहेत. त्यामुळे वरवरच्या संसर्गात क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पूने स्नान घालण्यावर आता भर दिला जातो. शाम्पू लावून लगेच पाणी ओतणे हे त्यातील नेहमीचे चुकणारे पाऊल. फेस सुमारे दहा मिनिटे अंगावर राहिला पाहिजे, पाणी कोमट किंवा गार असावे आणि नंतर पंजांच्या बेचक्यांसह सर्व अंग कोरडे करावे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ओले राहिलेले दाट केस हेच पुढील संसर्गाचे बीज ठरते. गजकर्ण या बुरशीजन्य विकारात कंड कमी, पण माणसांना, विशेषतः मुलांना, लागण होण्याचा धोका अधिक. म्हणून झडलेल्या केसांचा गोल चट्टा दिसल्यास बुरशीची तपासणी वगळू नये.

३.३ आहार

आहारजन्य ॲलर्जीविषयी घरोघरी ठाम मते आढळतात आणि पुरावा मात्र विरळा. एका रात्री चिकन बंद करून दुसऱ्या आठवड्यात निष्कर्ष काढला जातो. म्युलर, ऑलिव्हरी व प्रेलो यांनी २०१६ मध्ये २९७ कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदींचे संकलन केले. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के व गहू १३ टक्के असे दोषी पदार्थांचे प्रमाण आढळले. ही आकडेवारी मुख्यतः पाश्चात्त्य आहारातील आहे. कुत्र्याला जे वारंवार खाऊ घातले जाते त्याचीच ॲलर्जी होऊ शकते. महाराष्ट्रातील घरात ते पदार्थ म्हणजे दूध-पोळी, दहीभात, चिकन, अंडी व चहाबरोबरचे बिस्किट. तेव्हा येथे संशयितांची यादी त्यावरूनच करावी लागते.

रक्त, लाळ अथवा केस तपासून आहाराची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस-लाळेच्या चाचणीसाठी कृत्रिम केस व पाणी पाठविले असता त्यांच्यातही ‘ॲलर्जी’ निघाली! एकमेव प्रमाण मार्ग म्हणजे वर्ज्य-आहार चाचणी. पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ (उदाहरणार्थ, केवळ चिकन खाल्लेल्या कुत्र्याला मासे व रताळे, मासे खाणाऱ्याला बोकडाचे मांस व बटाटा) किंवा प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे केलेला खास आहार, याव्यतिरिक्त काहीही न देता किमान आठ आठवडे काढायचे. पाच आठवड्यांत सुमारे ८० टक्के आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक आहारबाधित कुत्र्यांत सुधारणा दिसते, म्हणून ही मुदत. त्यानंतर जुना आहार मुद्दाम पुन्हा सुरू करावा. बहुधा दोन आठवड्यांच्या आत कंड परतली आणि वर्ज्य आहाराने पुन्हा शमली, तरच निदान सिद्ध झाले.

कागदावर ही चाचणी सोपी आहे. प्रत्यक्षात आजोबांच्या ताटातला पोळीचा तुकडा, मोलकरणीने प्रेमाने दिलेले बिस्किट आणि मांसाच्या स्वादाची जंताची गोळी तिला अपयशी करते. एकत्र कुटुंबात चाचणी सुरू करण्यापूर्वी कुत्र्याशी नव्हे, तर माणसांशी बोलणे अधिक आवश्यक असते.

४. अटोपिक त्वचाशोथ : वगळून उरणारे निदान

वरील सर्व कारणे वगळल्यावरही कंड उरली, तर वातावरणातील घटकांची ॲलर्जी म्हणजे अटोपिक त्वचाशोथ (त्वचेचा जुनाट दाह) हे निदान समोर येते. ते सिद्ध करणारी एकही स्वतंत्र चाचणी नाही. फाव्हरो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आठ निकष मांडले : तीन वर्षांच्या आत सुरुवात, मुख्यतः घरात वास्तव्य, स्टेरॉइडने शमणारी कंड, यीस्टचा वारंवार संसर्ग, पुढचे पंजे बाधित, कानाची पाळी बाधित, पण कानाची कड मुक्त, आणि कमरेची पाठ मुक्त. यांपैकी पाच निकष जुळले, तर सुमारे ८५ टक्के अटोपिक कुत्री ओळखता येतात. परंतु अटोपी नसलेल्या शंभर कंडग्रस्त कुत्र्यांपैकी वीस-एकवीस कुत्रीही याच जाळ्यात सापडतात. निकषांचा उपयोग आधीच्या पायऱ्यांनंतर करावयाचा, आधी नव्हे, हे या दुसऱ्या आकड्याने स्पष्ट होते. शेवटचे दोन निकष खरूज व पिसवा यांनाच बाजूला सारण्यासाठी आहेत, हेही सहज लक्षात येईल.

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बॉक्सर व बुलडॉग या जातींत आनुवंशिक कल दिसतो. पुन्हापुन्हा दुखणारा कान हे काही कुत्र्यांत अटोपीचे एकमेव लक्षण असते. ॲलर्जीकारकांत घरातील धुळीतले सूक्ष्म जीव, विशेषतः डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी, जगभर अग्रस्थानी आहेत. ते हवेतील बाष्प शोषून जगतात. त्यामुळे दमट किनारपट्टीवरील घरे त्यांना मानवतात. त्यांच्याखेरीज गवतांचे व तणांचे परागकण, बुरशीचे बीजाणू हेही कारण ठरतात. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत माणसांत तीव्र स्पर्शजन्य त्वचाशोथ उत्पन्न करते, हे सुविदित आहे. अशा तणात लोळणाऱ्या कुत्र्याच्या केसविरहित पोटावर पुरळ दिसल्यास मैदान बदलून पाहणे योग्य. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे व पोट पुसणे ही कृती किरकोळ वाटली, तरी प्रथिने त्वचेतून शिरतात हे लक्षात घेता ती सयुक्तिक आहे.

५. औषधोपचार आणि त्यांचे तारतम्य

स्टेरॉइडला सरसकट खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. ते स्वस्त आहे, त्वरित गुण देते आणि तीव्र भडक्यात थोड्या दिवसांसाठी तोंडावाटे देण्यास आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची संमतीही आहे. आक्षेप आहे तो निदानाशिवाय दिल्या जाणाऱ्या, शरीरात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या इंजेक्शनांवर. गोळीचा डोस कमी करता येतो. टोचलेले औषध परत काढता येत नाही. तहान, भूक व लघवी वाढणे, स्नायू झिजणे, त्वचा पातळ होणे व संसर्ग बळावणे हे त्याचे परिणाम. दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी काम करीनाशी होते, म्हणून पालकाने घाबरून गोळ्या परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे.

सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ओक्लॅसिटिनिब (२०१३) काही तासांत कंड कमी करते व भारतातही मिळते. परंतु बारा महिन्यांखालील पिलांना व गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांना ते देत नाहीत, आणि ते घेत असताना डेमोडेक्स उद्भवू शकतो. लोकिव्हेटमॅब हे इंटरल्युकिन-३१ ला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड असून साधारण महिन्याने टोचले जाते. ही औषधे कंड थांबवितात. ॲलर्जी मिटवीत नाहीत. प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसादच बदलण्याचा प्रयत्न करणारी उपचारपद्धती एकच, ती म्हणजे ॲलर्जीकारकाचे अल्प-अल्प, वाढते डोस देणे. अमेरिकेतील विटिच यांनी १९४१ मध्ये परागज्वराने त्रस्त कुत्र्यावर ती वापरल्याची नोंद आहे. रक्ताच्या किंवा त्वचेच्या ॲलर्जी चाचण्यांचे खरे स्थान येथे आहे : निदानासाठी नव्हे, तर या लसीतील घटक निवडण्यासाठी. गुण येण्यास वर्षभर लागू शकते व सर्वच कुत्र्यांना तो येत नाही.

ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा उपयोग दोन-तीन महिन्यांनंतर दिसतो व तो पूरक स्वरूपाचा असतो. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला मऊपणा देते. परंतु यीस्टने तेलकट झालेल्या त्वचेवर ते चोपडणे अनाठायी आहे. जळके इंजिन ऑइल, रॉकेल, डांबराच्या गोळ्यांची पूड, शेतातील कीटकनाशक हे लुतीवरील ‘अनुभवसिद्ध’ उपाय मात्र निखालस विषप्रयोग होत. कुत्रे अंग चाटते, त्यामुळे त्वचेवर लावलेले सर्व काही पोटात जाते. माणसाच्या गजकर्णावरील मिश्र मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. त्याच्या गैरवापराने भारतात माणसांतील गजकर्ण हट्टी होऊन बसला आहे. तीच नळी कुत्र्यासाठी वापरू नये.

उपचार लागू पडतो की नाही, हे ठरविण्यासाठी दहा सेंटिमीटरची एक उभी रेषा पुरते. तळाशी ‘खाज नाही’ व टोकाला ‘सतत, झोपेतही खाज’ असे लिहून पालकाने आठवड्यातून एकदा त्यावर खूण करावी. निरोगी कुत्र्याची खूण साधारणतः दोनच्या आत राहते. बाजूला आंघोळीची, पिसवांच्या औषधाची, आहारबदलाची व कानदुखीची तारीख टिपली, की सहा महिन्यांत जे चित्र दिसते ते स्मरणावर विसंबून कधीही दिसत नाही. कंड दरवर्षी जुलैत वाढते की बारमाही आहे, हा निदानातील कळीचा प्रश्न अशा वहीवरूनच सुटतो.

६. माणूस आणि परिसरातील कुत्री

अटोपी, आहाराची ॲलर्जी व डेमोडेक्स यांचा माणसाला संसर्ग होत नाही. कुत्र्याची खरूज माणसाला लागते. पोटावर, दंडावर खाजरे पुरळ उठते, परंतु हा जीव माणसाच्या त्वचेत आपले चक्र पूर्ण करू शकत नसल्याने कुत्र्यावर उपचार झाल्यावर ते बहुधा आपोआप जाते. गजकर्णाला मात्र माणसाचेही वेगळे उपचार लागतात. घरातील एकापेक्षा अधिक प्राणी किंवा माणसे खाजवू लागली असतील, तर ॲलर्जीचा विचार मागे ठेवून संसर्गजन्य कारण शोधावे.

महाविद्यालयांच्या आवारात वावरणाऱ्या ज्या कुत्र्याला ‘लूत भरलेले’ म्हटले जाते, त्याला बहुधा खरूज किंवा डेमोडेक्स असतो. पूर्वी अशा कुत्र्याला पकडून आठवड्याला इंजेक्शन देणे अथवा औषधी स्नान घालणे क्रमप्राप्त होते. त्यामुळे उपचार अर्धवट सुटत. आता पशुवैद्यकाने वजनाचा अंदाज घेऊन ठरविलेली आयसोक्साझोलिनची गोळी अन्नातून देता येते, आणि औषधानुसार एक किंवा तीन महिन्यांनी तिची पुनरावृत्ती करता येते. सोबतच्या इतर कुत्र्यांनाही ती द्यावी लागते, अन्यथा खरूज परत फिरून येते. खरजेची कंड तीन-चार आठवड्यांत उतरू लागते. डेमोडेक्सला अधिक काळ लागतो व दोन नमुने निर्दोष येईपर्यंत उपचार थांबवीत नाहीत. केस उगवायला दोन-तीन महिने जातात. त्या अवधीत जखमांवर माश्या बसू नयेत म्हणून लक्ष ठेवावे लागते, आणि कुत्रे बरे होत असताना त्याला आवारातून हाकलले जाऊ नये, यासाठी उपचार सुरू असल्याची सूचना शिपाई व सुरक्षारक्षक यांना आधीच दिलेली असावी.